अरब नाटक इंग्रजीतून वाचताना मराठी कान उघडा ठेवा

प्रश्न सांगलीहून आला आहे. विचारणारी विद्यार्थिनी इंग्रजी साहित्यात एम.ए. करते. थोडक्यात प्रश्न असा: "प्रबंधिकेसाठी 'इंग्रजी अनुवादातील समकालीन अरब नाटक आणि त्यातील सामाजिक विषय' असा विषय घेतला आहे. मला अरबी येत नाही. मार्गदर्शक म्हणतात, हुकूमशाही, युद्ध आणि स्त्री अशी तीन प्रकरणं पाडा. कोणती नाटकं घेऊ? आणि अनुवाद वाचून त्या समाजाबद्दल बोलायचा मला अधिकार आहे का?"

आधी शेवटच्या प्रश्नाचं बोलू, कारण तो तुम्हाला खरा छळतो आहे असं दिसतं. अधिकार आहे. मात्र तीन प्रकरणांचा तो आराखडा बाजूला ठेवा. हुकूमशाही, युद्ध आणि स्त्री हे तीन खण जगातल्या कुठल्याही देशाच्या नाटकाला लावता येतात, आणि एकदा खण पाडले की नाटक वाचायची गरजच उरत नाही, कथानकाचा गोषवारा पुरतो. मी तीसेक वर्षं नाटकं शिकवतो आहे आणि इंग्रजीतून मराठीत आणतो आहे. अरब नाटकांच्या बाबतीत मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: त्यांचा सामाजिक आशय गोष्टीत कमी आणि बोलण्यात जास्त असतो. कोण कोणापुढे तोंड उघडतो, कुठल्या भाषेत, आणि कुठे गप्प होतो. इंग्रजीत नेमकं हेच सपाट होतं. आणि मराठी वाचकाला, अरबी न येताही, त्यातलं बरंच परत मिळवता येतं.

एक नाटक जवळून बघू. सीरियाचा सादल्लाह वन्नूस (१९४१ ते १९९७) याचं 'अल्-फील, या मलिक अल्-जमान' (म्हणजे 'हत्ती, हे जमान्याच्या राजा'), १९६९ चं. छोटंसंच आहे. राजाचा लाडका हत्ती गावात मोकाट फिरतो. एके दिवशी तो एका लहान मुलाला चिरडतो. गल्लीतले लोक हळहळतात, नशिबाला बोल लावतात. त्यांच्यातला झकरिया म्हणतो, चला, राजाकडे जाऊ. पण राजापुढे गोंधळ नको, एका आवाजात बोलू. म्हणून तो तालीम घेतो. तो म्हणणार, "हत्ती, या मलिक अल्-जमान", आणि सगळ्यांनी एका सुरात हत्तीचे अपराध सांगायचे. जमत नाही, पुन्हा. पुढेमागे होतं, पुन्हा. शेवटी सूर जुळतो. मग राजवाडा. पहारेकरी, पायऱ्या, दारामागून दार. राजापुढे उभं राहिल्यावर झकरिया म्हणतो, "हत्ती, या मलिक अल्-जमान." कोणी बोलत नाही. तो पुन्हा म्हणतो. एक लहान मुलगी तोंड उघडते, आई तिच्या तोंडावर हात ठेवते. राजा वैतागून विचारतो, काय झालं हत्तीला? तेव्हा झकरिया पलटतो. हत्ती एकटा पडलाय महाराज, आमचा फार जीव आहे त्याच्यावर, त्याला एक जोडीदारीण आणा, म्हणजे हत्तींची पैदास होईल. राजा खूश.

यावर 'हुकूमशाही' असं प्रकरण लिहिता येईल, पण हाती काय लागेल? आता मराठी कानाने ऐका. 'मलिक' म्हणजे राजा, आपला 'मालक' त्याच धातूतला. 'जमान' आपला 'जमाना'. 'फील' हे मूळ फारसी 'पील', आपल्या जुन्या कागदपत्रांतल्या 'पीलखान्या'तलं. नावातला एकही शब्द आपल्याला परका नाही. इंग्रजी लिखाणात हे नाव कुठे 'किंग ऑफ ऑल टाइम', तर कुठे 'लॉर्ड ऑफ एजेस' असं दिसतं. दोन्हींत परीकथेचा वास येतो. अरबी वाचकाला मात्र 'या मलिक अल्-जमान' म्हणताच कहाण्यांतला दरबार आठवतो आणि त्या दरबारात वाकलेली पाठही आठवते.

याहून मोठी गोष्ट आपल्या 'तक्रार' या शब्दात आहे. अरबीत 'तक्रार' म्हणजे पुनरावृत्ती, तेच तेच पुन्हा करणं. फारसीमार्गे आपल्याकडे येता येता त्याचा अर्थ गाऱ्हाणं असा झाला. वन्नूसचं नाटक या दोन अर्थांच्या मधोमध उभं आहे. गावकरी गाऱ्हाण्याची घोकंपट्टी करतात, आणि घोकून घोकून ते इतकं गुळगुळीत होतं की त्यातलं मेलेलं मूल सुटून जातं. वन्नूसने हा श्लेष केलेला नाही, त्याच्या भाषेत तो होऊच शकत नाही. मराठीत मात्र तो आयता पडून आहे, आणि अनुवादकाने तो उचलला तर मूळ नाटकाशी इमान सुटत नाही.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या कॉलेजात पंचवीसेक मुलामुलींबरोबर मी या नाटकाचं मराठी वाचन बसवलं. समूहाचा सूर जुळायला तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी तो जुळला आणि मुलांच्या अंगावर काटा आला. हा आनंद नाटकात खराच आहे, तो आला नाही तर पुढचं सगळं फुकट. मग राजाचा प्रवेश. मी दिग्दर्शनाची एकच सूचना दिली होती: राजा आल्यावर तुम्हाला बोलायचं असेल तर बोला. कोणी बोललं नाही. झकरिया झालेल्या मुलाने तिसऱ्यांदा "हत्ती, महाराज" म्हटलं, तेव्हा दाराशी उभे राहून ऐकणारे कॉलेजचे शिपाईमामा न राहवून म्हणाले, "अरे बोला की रे!" खोली स्तब्ध झाली. त्यानंतर मुलांशी मी जी चर्चा केली ती 'हुकूमशाही' या शब्दाने सुरू झाली नाही. ती सुरू झाली वसतिगृहाच्या पाण्यावरून प्राचार्यांकडे न गेलेल्या अर्जावरून.

मूळ नाटकाच्या शेवटी नट भूमिका टाकून रांगेत उभे राहतात आणि प्रेक्षकांना विचारतात: हत्ती का असतात, कळलं का? त्यांची पैदास का होते, कळलं का? आपल्याकडे सूत्रधाराशी बोलायची प्रेक्षकांना सवय आहे. इंग्रजीत हा भाग जर्मन नाटककार ब्रेख्तचं अनुकरण वाटतो, आणि वन्नूसवर ब्रेख्तचा प्रभाव होताही. पण त्याच्या हाताशी दमास्कसच्या कॉफीखान्यातला हकवातीही होता, पोथी उघडून गिऱ्हाइकांना कहाणी सांगणारा. ममलूक, म्हणजे गुलाम, जाबिरच्या डोक्याचं त्याचं जे नाटक आहे, त्यात हे सरळच येतं. गिऱ्हाइकं सुलतान जाहिर बैबर्सच्या पराक्रमाची कहाणी मागतात. हकवाती म्हणतो, तिची वेळ अजून आली नाही, आधी ही ऐका. आणि तो जाबिरची गोष्ट सांगतो. बक्षिसाच्या आशेने जाबिर वजिराला आपलं डोकं देऊ करतो. डोकं भादरून त्यावर गुप्त निरोप लिहितात, केस वाढू देतात आणि त्याला परमुलखात पाठवतात. निरोपाची शेवटची ओळ अशी, की हा आणणाऱ्याला ठार करा. ज्याला आपल्याच डोक्यावर लिहिलेलं वाचता येत नाही, तो जाबिर. प्रबंधिकेत हे नाटक घ्याच.

ब्रेख्त आणि लोकपरंपरा यांची अशी गाठ आपण 'तीन पैशाचा तमाशा'त बघितली आहे, 'घाशीराम कोतवाल'मध्येही (१९७२). हा धागा तुम्हाला सहज धरता येईल. शिवाय तुम्ही सांगलीच्या. विष्णुदास भाव्यांनी तिथे 'सीतास्वयंवर' केलं १८४३ साली, आणि मारून अल्-नक्काशने बैरूतमध्ये आपल्या घरी फ्रेंच नाटककार मोलिएरच्या धर्तीवरचं पहिलं अरबी नाटक केलं १८४७ साली. दोन्ही रंगभूमींना नवं युरोपी रूप आणि जुनी सांगण्याची रीत यांचा मेळ घालण्याचा प्रश्न जवळजवळ एकाच वेळी पडला. अरब नाटककारांनी तो १९६० च्या दशकात पुन्हा ऐरणीवर आणला. इजिप्तच्या यूसुफ इद्रीसने १९६४ मध्ये लेख लिहून खेड्यातल्या 'सामिर'चा, म्हणजे रात्री गोल बसून रंगणाऱ्या बैठकीचा, पुरस्कार केला आणि त्याच वर्षी 'अल्-फराफीर' हे नाटक रंगभूमीवर आलं. मालक आणि नोकर, दोघं मरतातही, तरी नोकराला सुटका नाही: मेल्यावर ते अणूचे कण होतात आणि हलका असलेला नोकर जड मालकाभोवती फिरत राहतो.

इथे भाषेचा प्रश्न येतो, आणि तो वगळून अरब नाटकाच्या सामाजिक आशयावर लिहिता येणार नाही. अरबीत लिहिण्याची 'फुस्हा' वेगळी आणि घरात, बाजारात बोलायची 'आम्मिया' वेगळी. आम्मियाही कैरोची एक, दमास्कसची दुसरी, अल्जियर्सची तिसरी. प्रमाण मराठी आणि मालवणी यांच्यात जेवढं अंतर आहे त्याहून हे अंतर जास्त आहे. नाटक कशात लिहायचं? फुस्हात लिहिलं तर देशोदेशी वाचता येतं, पण शेतकऱ्याच्या तोंडी ते शोभत नाही. आम्मियात लिहिलं तर साहित्यिक नाकं मुरडतात. इजिप्तच्या तौफीक अल्-हकीमने १९५६ च्या 'अल्-सफ्का'त मधला रस्ता काढला. वाक्यं अशी रचली की वाचताना फुस्हाचे नियम मोडू नयेत आणि नटाने गावच्या उच्चारात म्हटली तर बोली वाटावीत. याला तो तिसरी भाषा म्हणाला. हे सगळं इंग्रजीत गेलं की शेतकरी, न्यायाधीश आणि मुफ्ती एकाच धुतल्या-इस्त्री केलेल्या इंग्रजीत बोलतात. म्हणून प्रत्येक नाटकाबद्दल आधी शोधा: मूळ कुठल्या अरबीत आहे? अनुवादकाच्या प्रस्तावनेत बहुतेक वेळा ते सापडतं, आणि ते तुमच्या पहिल्या प्रकरणात यायला हवं.

इद्रीसचं नाटकच घ्या. नोकराचं नाव 'फर्फूर', अनेकवचन 'फराफीर'. ट्रेव्हर लगॅसिकच्या अनुवादात ते 'फ्लिपफ्लॅप अँड हिज मास्टर' झालं, फारूक अब्देल वहाबच्या अनुवादात 'द फर्फूर्स'. पहिल्याने विदूषकाची उड्या मारणारी चाल आणली, पण फर्फूर एक नसून अनेक आहेत, तो एक वर्ग आहे, हे घालवलं. दुसऱ्याने अनेकवचन राखलं आणि हसू घालवलं. एका नावाची ही दोन रूपं शेजारी ठेवलीत तर अनुवादात सामाजिक आशयाचं काय होतं यावर तुम्हाला चार पानं लिहिता येतील, आणि ती तुमची स्वतःची असतील.

असाच दुसरा नमुना. १९९६ च्या जागतिक रंगभूमी दिनाचा संदेश वन्नूसने लिहिला. त्याला १९९२ पासून कर्करोग होता, आणि मधली बरीच वर्षं न लिहिता काढल्यावर तो पुन्हा झपाट्याने लिहीत होता. (२००२ चा संदेश गिरीश कर्नाडांचा आहे. दोन्ही एका बैठकीत वाचा.) वन्नूसच्या संदेशातलं एक वाक्य अरब जगात गाजलं: 'इन्नना महकूमून बिल्-अमल' ('अमल' म्हणजे आशा). अरब रंगभूमीवरच्या २०१२ च्या एका लेखसंग्रहाचं नाव यावरून 'डूम्ड बाय होप' असं ठेवलं गेलं. रॉबर्ट मायर्स आणि नादा साब यांनी २०१९ मध्ये येल विद्यापीठातर्फे वन्नूसचा मोठा संग्रह काढला, त्याचं नाव 'सेंटेन्स टु होप'. एकीकडे सर्वनाश, एकीकडे न्यायालयाची शिक्षा. मूळ शब्द 'महकूम', धातू ह-क-म. आपले हुकूम, हाकीम, हुकमत सगळे त्याचेच. न्यायनिवाडा आणि राज्य करणं हे दोन्ही अर्थ या धातूत एकत्र राहतात. ज्याच्यावर हुकूम चालतो तो महकूम, आणि ज्याला शिक्षा झाली तोही महकूम. हुकमतीखाली आयुष्य काढलेल्या माणसाने हाच शब्द आशेला लावला. इंग्रजीला एक अर्थ निवडावा लागतो. मराठीत 'आपल्यावर आशेचा हुकूम आहे' असं म्हणून बघा. दोन्ही अर्थ बऱ्यापैकी टिकतात.

आता 'स्त्री' या प्रकरणाकडे. तुमचे मार्गदर्शक इथे वन्नूसचंच 'तुकूस अल्-इशारात वत्-तहव्वुलात' (इशारे आणि रूपांतरं यांचे विधी) सुचवतील, आणि ते बरोबर आहे. १९९४ चं नाटक, काळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, स्थळ दमास्कस. शहरातल्या अश्राफांचा, म्हणजे प्रेषितांच्या वंशजांचा, नकीब (प्रमुख) एका कलावंतिणीबरोबर बागेत रंगात आलेला असतो, पोलिसप्रमुख इज्जत बेग त्याला पकडून शहरभर धिंड काढतो. नकीब आणि मुफ्ती एकमेकांचे हाडवैरी. तरी सगळ्या प्रतिष्ठितांची अब्रू जाईल म्हणून मुफ्ती युक्ती काढतो: रातोरात कोठडीतली कलावंतीण काढून तिथे नकीबाची खरी बायको बसवायची. म्हणजे नवराबायकोच होते, पोलिसांनी आगाऊपणा केला, असं ठरतं. बायको, मूमिना, तयार होते, पण घटस्फोटाच्या अटीवर. सुटल्यावर ती स्वतः कलावंतीण होते आणि नाव घेते अल्मासा. तिथून शहराची सगळी वीण उसवत जाते.

इंग्रजी वाचकाला 'मूमिना' हे फक्त नाव. तुम्हाला 'मोमीन' माहीत आहे, श्रद्धा ठेवणारी. 'अल्मास' म्हणजे हिरा, हे नावही आपल्याकडच्या मुस्लिम घरांत आहे. पोलिसाचं नाव इज्जत. नाटकाची सुरुवात होते ती 'फदीहा'ने, म्हणजे जिला आपण फजिती म्हणतो तिने. शीर्षकातले 'इशारात' आपले इशारेच. लक्षात घ्या, ही बाई 'मुक्त' होते असं सरळ रेषेत लिहू नका. तिची किंमत कोण मोजतं, तिच्यावर प्रेम जडल्यावर मुफ्तीचं काय होतं, भाऊ सफवान तिला ठार मारतो तेव्हा ती आपण आता एक कहाणी झाल्याचं सांगते ते कोणाला उद्देशून, हे बघा. आणि याच नाटकात अफ्सा आणि अब्बास या दोन पुरुषांचा धागा आहे. 'स्त्री' असा खण पाडला की तो बाहेर पडतो, आणि नाटकाचा निम्मा जीव त्यात आहे. अफ्सा प्रेमापोटी मिशी उतरवतो, लोकांसमोर आपलं खरं रूप कबूल करतो, आणि त्याच क्षणी अब्बासला तो नकोसा होतो. चोरून चालतं, उघड चालत नाही. मूमिनाचा आणि त्याचा गुन्हा एकच आहे, आतलं बाहेर दाखवणं. हे नाटक २०१३ मध्ये पॅरिसच्या कॉमेदी फ्रान्सेजमध्ये फ्रेंचमध्ये झालं, तिथे रंगमंचावर आलेलं हे पहिलं अरबी नाटक. त्याच वर्षी बैरूतमध्ये मायर्स-साब यांच्या इंग्रजी अनुवादाचा प्रयोग सहर अस्साफने केला. म्हणजे अरब शहरात अरब नटांनी केलेला इंग्रजी प्रयोग. कुठल्या भाषेत काय बोलता येतं, याचा हा आणखी एक पदर.

पुढच्या पिढीबद्दल एक सावधगिरी. इंग्रजीत कोणती नाटकं येतात हे कोणीतरी ठरवत असतं. सलमा खद्रा जय्यूसींनी १९८० मध्ये 'प्रोटा' हा अनुवाद प्रकल्प सुरू केला. एक दुभाषी अनुवादक आणि त्यावर हात फिरवणारा एक इंग्रजी लेखक, अशी तिथली पद्धत. रॉजर ॲलन यांच्यासोबत त्यांनी १९९५ मध्ये काढलेला आधुनिक अरबी नाटकांचा संग्रह हा तुमचा पाया. २००७ पासून लंडनच्या रॉयल कोर्ट या नाट्यगृहाने ब्रिटिश कौन्सिलबरोबर अरब देशांतले २१ तरुण लेखक घेऊन कार्यशाळा केल्या, त्यातली पाच नाटकं २०१० मध्ये 'प्लेज फ्रॉम द अरब वर्ल्ड' नावाने आली. इथे नाटक लिहितानाच ते इंग्रजीत जाणार हे लेखकाला ठाऊक आहे. त्याचा आशयावर काही परिणाम झाला असेल का, हा प्रश्न विचारणं हा तुमच्या कामाचा भाग आहे.

पण त्या पाचांत तुम्हाला आश्चर्य वाटेल अशी घरगुती नाटकं आहेत. मोहम्मद अल् अत्तारच्या 'विथड्रॉवल'मध्ये दमास्कसमधलं एक अविवाहित जोडपं एकांतासाठी भाड्याने खोली घेतं, आणि खोली मिळाल्यावर एकमेकांना काय बोलावं ते सुचेनासं होतं. आर्झे खोद्रच्या 'द हाऊस'मध्ये लेबनॉनमधल्या दोन बहिणी वडिलोपार्जित घर विकायचं की नाही यावर भांडतात. आपल्याकडच्या किती घरांत हे भांडण चालू आहे! ही नाटकं टाळून फक्त तुरुंग आणि बॉम्ब निवडलेत तर तुमच्या प्रबंधिकेत अरब माणूस घरात राहतच नाही असा समज होईल. आणि जिथे बॉम्ब आहेत तिथेही बोलण्याकडेच बघा. पॅलेस्टाइनच्या दालिया ताहाच्या 'फायरवर्क्स'मध्ये (लंडन, २०१५) बाहेरचे स्फोट म्हणजे फटाके, असं मुलांना सांगून आईबाप दिवस काढतात. अत्तारच्याच पुढच्या नाटकात एक मुलगी कोठडीतून सुटलेल्यांच्या जबान्या कॅमेऱ्यावर घेते. ज्या देशात जबानी म्हणजे पोलिसांपुढची, तिथे 'जरा कॅमेऱ्याकडे बघता का?' हे विचारणं किती अवघड आहे, हेच नाटक.

निवड करताना आणखी एक चाळणी लावा. कुवेतचा सुलेमान अल् बस्साम, हन्ना खलील, बेट्टी शमीया यांची इंग्रजीत गाजलेली नाटकं मुळातच इंग्रजीत लिहिलेली आहेत. चांगली आहेत, पण तुमचा विषय अनुवाद आहे. माघरिबातलं, म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या पश्चिम भागातलं, एक तरी घ्या: अल्जीरियाचा अब्देलकादर अल्लूला, ज्याच्यावर १९९४ मध्ये ओरानमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यातच तो गेला. मार्विन कार्लसनने संपादित केलेल्या उत्तर आफ्रिकेच्या चार नाटकांत त्याचं 'द व्हेल' (Veil, म्हणजे बुरखा) आहे. कारखान्याचा बंद बॉयलर गुपचूप दुरुस्त करणाऱ्या आणि त्यापायी नाक गमावणाऱ्या कामगाराची ती गोष्ट. इजिप्तच्या २०११ च्या उठावातली नाटकं 'तहरीर टेल्स' या संग्रहात आहेत, आणि ते पुस्तक कोलकात्याच्या सीगल बुक्सने काढलं आहे, म्हणजे परदेशातून मागवायची गरज नाही.

या सगळ्यांतून मिळून पाच नाटकं घ्या, जास्त नकोत. प्रत्येक अवतरणाखाली नाटककाराबरोबर अनुवादकाचं नाव द्या, परीक्षकाने मागितलं नाही तरी. एखाद्या नाटकाचे दोन इंग्रजी अनुवाद मिळाले तर तेच पान दोन्हींतून झेरॉक्स करून समोरासमोर ठेवा. मराठीत प्रयोग करावासा वाटला तर मूळ लेखकाच्या वारसांची आणि इंग्रजी अनुवादकाची, दोघांचीही परवानगी लागेल. वर्गातल्या वाचनाने सुरुवात करा. 'हत्ती'चं वाचन करा, आणि राजा आल्यावर कोण बोलतं ते लिहून ठेवा. इद्रीसच्या फर्फूरला मराठीत काय नाव द्यावं, तेही सुचलं तर कळवा. 'गडी' फार गरीब होतो आणि 'सोंगाड्या'त मालक येत नाही. मी अजून शोधतो आहे.